त्या सालची जास्तीची माणसं

काय करता, असं कुणी विचारलं की मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, एवढं सांगून गप्प बसते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. महामारीच्या त्या दोन वर्षांत आपल्या देशात नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली, याचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी मी एक. लोक हमखास आकडा विचारतात. तो सांगायच्या आतच कुणी म्हणतं, "छे, एवढे कुठले!" आणि कुणी म्हणतं, "काहीतरीच, याच्या कितीतरी पट असतील." दोघांचाही मला सारखाच राग येतो. आपल्या ओळखीतलं कोण गेलं, यावरून प्रत्येकानं देशाचा हिशेब परस्पर करून टाकलेला असतो.

काम सांगायला सोपं आहे. साथ नसो, दुष्काळ नसो, अगदी साध्यासुध्या वर्षातही माणसं मरतातच. म्हातारी जातात, आजारी जातात, कुणाला साप चावतो, कुणी गाडीखाली सापडतं. मागची काही वर्षं समोर ठेवली की पुढच्या वर्षी साधारण किती जातील ते कळतं. त्यांना आम्ही 'अपेक्षित मृत्यू' म्हणतो. फार वाईट शब्द आहे. कुणीतरी उंबऱ्यात उभं राहून त्यांच्या जाण्याची वाट बघत होतं, असं वाटतं तो ऐकताना. साथीच्या वर्षात प्रत्यक्षात जेवढे गेले त्यातून हे अपेक्षित वजा करायचे. उरतील ते जास्तीचे. त्यांची तपासणी झाली होती की नव्हती, कागदावर कुठला आजार लिहिला होता, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. जास्तीचे गेले, ते साथीनं गेले.

सांगायला सोपं, करायला अवघड, कारण मुळात प्रत्यक्षात गेले किती, हेच कुणाला धड माहीत नाही. आमच्या वाशीम जिल्ह्याकडचंच बघा. माणूस मेल्याची नोंद कधी होते, तर त्याच्या नावावर सातबारा असला तर. पोरांना फेरफार करून जमीन चढवून घ्यायची असते, त्याला मृत्यूचा दाखला लागतो, म्हणून मग कुणीतरी ग्रामपंचायतीत खेटे घालतं. बायकांच्या नावावर काही नसतं, त्यामुळे त्यांच्या दाखल्याची कुणाला घाई नसते. कामासाठी बाहेर गेलेला मजूर तिकडंच गेला, तर तिकडचे म्हणतात तो आमचा नाही आणि इकडचे म्हणतात तो इथं मेला नाही. नुसत्या नोंदी वाचल्या तर एखाद्याला वाटेल, आमच्याकडे मरतात ते फक्त शेतमालक पुरुष. असं म्हणून मी वर्गात पोरांना हसवते. पण त्या नोंदींतून निसटलेली माणसं कशी धरायची, यातच आमचा सगळा वेळ जातो.

माझे बाबाही दुसऱ्या लाटेत गेले. ते कळलं की लोक लगेच मान डोलावतात, "म्हणूनच तुम्ही या कामाला लागलात." तसं काही नाही. कामाची विचारणा आधीच झाली होती. प्रत्येक गोष्टीला असा छान धागा जोडायची लोकांना भारी हौस.

बाबा तिकडच्याच मेडशी गावचे शेतकरी. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. गावात मयत झाली की तिरडी बांधायला त्यांना बोलावणं यायचं. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, हात बसला होता एवढंच. बांबू कुठला घ्यायचा, आडव्या काड्या किती अंतरावर टाकायच्या, सुतळी कुठं आवळायची, ते न बोलता करत जायचे. दम्याचा त्रास जुना. खिशात तोंडात मारायचा पंप कायम असायचा. स्मशानातल्या धुरानं हमखास धाप लागायची, घरी येऊन पाटावर बसून राहायचे, आणि पुढच्या बोलावण्याला पुन्हा निघायचे. आम्ही ओरडलो की म्हणायचे, "लग्नाले नाई गेलं तं मानूस रुसते, मयतीले नाई गेलं तं तुटते."

त्या वैशाखात आमच्या समोरच्या घरातले म्हातारे काका गेले. तापानं फणफणत होते, घरातच गेले. मुलं बाहेरगावी अडकलेली. काकू अंगणात उभ्या राहून हाका मारत होत्या आणि गल्लीत एकही दार उघडत नव्हतं. लोकांना दोष कसा देणार? जो तो आपापल्या लेकराबाळांकडे बघत होता. बाबाही आत बसून होते. सगळं ऐकत होते आणि आईकडे बघत होते.

आई म्हणाली, "जा तुमी."

तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची मयत भर पावसाळ्यात झाली होती. गावात कोरडं लाकूड मिळेना. तेव्हा या समोरच्या काकांनी आपल्या कोठ्याचं, गुरं बांधायच्या जागेचं छप्पर उतरवलं आणि त्याचे वासे दिले. त्यांची गुरं पुढं कितीतरी दिवस उघड्यावर भिजत होती. आई बाबांना एवढंच म्हणाली, "आपल्या म्हातारीले त्यायच्या कोठ्याचं लाकूड लागलं हाये." आणि तिनं दुपट्टा ओला करून त्यांच्या हातात दिला, तोंडाला बांधायला. बाबा गेले. सोबत कोतवाल आणि आणखी एक जण. तिघांनी मिळून सगळं केलं.

आठवडा गेला नसेल, बाबांना ताप भरला. जिल्ह्याच्या ठिकाणी खाट मिळाली, ऑक्सिजनही मिळाला. डॉक्टरांनी करायचं ते केलं. मी पुण्यात, गाड्या बंद, फोनच्या पडद्यावर बाबांचा मास्क लावलेला चेहरा बघत होते. ते हात हलवून 'बरा आहे' म्हणत होते. ते बरे नव्हते. ते गेले तेव्हा त्यांची तिरडी कुणी बांधली नाही, कारण बांधायची वेळच आली नाही. गाडीतून परस्पर नेलं.

तेव्हापासून आईच्या मनात एकच प्रश्न राहिला. तिनं तो डॉक्टरांना विचारला, पुढं गाड्या सुरू झाल्यावर भेटीला आलेल्या मामांना विचारला, फोनवर मावशीला विचारला. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण प्रश्न तोच: त्याईले दमा तं होताच, मंग तसे बी ते किती दिस काढले असते? विचारताना ती समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सगळे चांगल्या मनाचे. सगळ्यांना कळायचं की या बाईनं नवऱ्याला हातानं मयतीला धाडलं आहे आणि हिला आता सुटका हवी आहे. मग सगळे एकच सांगायचे, "वय झालं होतं, दुखणं जुनं होतं. ते जाणारच होते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आई मान हलवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी आणखी कुणाला तरी तेच विचारायची. मला मात्र तिनं कधी विचारलं नाही. मी त्याचीच धास्ती घेऊन होते.

अक्षय तृतीयेला मी दरवर्षी मेडशीला जाते. आमच्याकडे या दिवशी पितरांची घागर भरतात. मातीची लाल घागर, गार पाणी, वर खरबूज, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण. आई त्याला अखजी म्हणते. यंदाही गेले. घागर झाली, जेवणं झाली. आईसोबत गावी राहणारे भाऊ आणि वहिनी मुलांना घेऊन वहिनीच्या माहेरी गेले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी आणि आई आतल्या खोलीत कूलरसमोर आडव्या झालो होतो.

माझ्या डोक्यात कामाचंच चक्र चालू होतं. घरोघर जाऊन 'तुमच्या आठवणीत कोण कोण गेलं' असं विचारून आकडे काढायचे, अशी एक पद्धत आहे. आमच्या गटात त्यावर वाद चालू होता. म्हटलं, बघू तरी. मी आईला म्हटलं, "माय, आपल्या आळीत आणि पलीकडच्या आळीत मागच्या सात-आठ वर्षांत कोण कोण गेलं, सांग बरं."

"हे काय इचारनं झालं सनासुदीचं?" ती म्हणाली. पण उठून बसली.

आणि सांगत सुटली. आमच्याकडे कुणी गेलं की आळीतल्या बायका त्या घरी बसायला जातात. जाऊन बसायचं, रडणारीच्या पाठीवरून हात फिरवायचा, चहा घ्यायचा नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. आईनं आयुष्यात एकही घर चुकवलेलं नाही. तिला मयती आठवत होत्या त्या या बसण्यांवरून. अमक्या घरी बसली तेव्हा तुरीच्या शेंगा सोलायला आल्या होत्या. तमक्या घरी सून एका कोपऱ्यात पाठ करून बसली होती, तेव्हाच कळलं की भावाभावांत वाटणी होणार. कोण गेलं, कशानं गेलं, कुठल्या साली, सगळं त्यातून निघत होतं. मी मनात खूश झाले. गावच्या नोंदीत नसलेल्या बायका आईच्या बोलण्यात एकामागून एक येत होत्या.

"लहान लेकरं?" मी विचारलं.

"तान्ह्या लेकरासाठी कोन बसाले जाते?" ती म्हणाली. म्हणजे तिच्या मोजणीतही भोक होतंच.

मग मी विचारलं, "आणि त्या साली? लॉकडाऊनच्या दुसऱ्या साली?"

ती थांबली. "त्या साली तुहे बाबा गेले."

"आणखी?"

"समोरचे म्हातारे गेले." ती बराच वेळ आठवत राहिली. "नाई व. त्या साली आनखी कोनी नाई गेलं. त्याच्या मांगच्या सालाईत लय गेले."

मी उठून बसले. त्याच वैशाख-ज्येष्ठात भाऊ मला एक दिवसाआड फोन करून सांगायचा, आज हा गेला, काल ती गेली. मी पिठाच्या गिरणीवाल्या घरातल्या आजीचं विचारलं. "हाव, ते गेली," आई म्हणाली, "पन ते त्याच सालची का?" मी वरच्या आळीतल्या शिंपिणीचं विचारलं. रेल्वेत नोकरीला होता त्या मुलाचं विचारलं. प्रत्येक वेळी आई दचकायची, हो म्हणायची, आणि तिचा चेहरा उतरत जायचा. कारण मला तेव्हा कळलं आणि तिलाही कळलं. त्या साली कुणी कुणाकडे बसायलाच गेलं नव्हतं. ज्या साली गावात सगळ्यात जास्त माणसं गेली, ते साल आईच्या आठवणीत सगळ्यात रिकामं होतं.

"बसालेच नाई गेली, तं मले ध्यानात कसं राहीन वं?" ती म्हणाली. आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं. मला तिची फार दया आली, आणि आपल्या सगळ्यांचीच. पाठीवरून हात फिरवून घ्यायला कुणी आलं नाही अशा किती घरांत त्या साली माणसं नुसती भिंतीकडे बघत बसली असतील.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मंग तुमी लोक कसं काढता? कोनाले आठवतच नाई, कागदावर बी नाई, तं जास्तीचे गेले हे कायवरून?"

मी तिला तिच्या रानातलं सांगितलं. सोयाबीन काढायला चार दिवस उशीर झाला की शेंगा तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. थोडं सांडणं दरसालचंच, ते कुणी मनावर घेत नाही. पण एखाद्या साली ऊन-पावसानं घोटाळा केला आणि नेहमीपेक्षा पोती कमी भरली, की न वेचताही कळतं, यंदा जास्त सांडलं. आमचं तसंच. दरसालचं वजा करायचं, उरेल ते त्या साथीचं.

आई ऐकत होती. तिला ते पटलेलं दिसत होतं. पण पुढं ती जे म्हणाली, ते वर्गात आजवर एकाही पोरानं मला असं सरळ विचारलं नव्हतं.

"सांडलेले दाने तं सारखेच दिसतेत. कोनता दरसालचा, कोनता जास्तीचा, हे कसं वयखतं तू?"

"नाही ओळखता येत, माय. एकेकट्याचं नाही सांगता येत. सगळ्यांचं मिळून सांगता येतं."

"तुह्या बाबाचं नाई सांगता येनार?"

आला तो प्रश्न. खरं उत्तर तर देऊन झालं होतं, एकट्या माणसाचं सांगता येत नाही. आमच्या अंदाजात खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत एवढं अंतर असतं की त्यात आख्खा तालुका हरवून जावा, तिथं माझे बाबा कुठं शोधू? पण आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, जशी डॉक्टरांकडे बघायची. मला शास्त्र सुचेना. एवढंच सुचलं की ही माझी आई आहे, कधीपासून दगडाखाली हात अडकवून बसली आहे, आणि हिचं समाधान करू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सगळ्यांना विचारून झालं. मी त्यातली शिकलेली. मी सांगितलेलं ती मानेल.

"माय," मी म्हटलं, "त्यांचा दमा जुना. वय सत्तरीकडे गेलेलं. अशी माणसं दरसालच्यातच धरावी लागतात. तू धाडलं नसतं तरी साल-सहा महिन्यांत..."

"बस," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला रडू येतंय. तसं नव्हतं. ती रागावली होती. बाबा गेल्यापासून इतकी रागावलेली मी तिला पाहिली नव्हती.

"तू बी तेच म्हनतं? तू तरी हिशोबाची मानूस होतीस! त्याईनं त्या उन्हाळ्यात बांधावर लिंबाच्या रोपासाठी खड्डे खंदून ठेवले होते. दम लागे तं बसे, आन पुन्ना उठून खंदे. म्या म्हनलं, कायले जीव काढता, गडी लावा. तं म्हने, लिंब धरतीन तवा मीच तोडीन. असं मानूस जानारच होतं म्हनतं का तू?"

तिनं बांधाच्या दिशेनं हात केला.

"जो येते तो मले हेच सांगते. जानारच होते, जानारच होते. मी कायले इचारतो लोकाईले, तुले काय वाटलं, मले सोडवा म्हून?" ती दम घ्यायला थांबली. "कोनी तरी म्हनाव, नाई बाई, ते आनखी धा साल जगले असते. म्या धाडलं म्हून ते गेले, ते माहं मी पाहून घेईन. माह्यावर राहू दे ते. पन मले सोडवासाठी त्याईची उमर खाऊ नोका."

मला वाटायचं, मला या विषयातलं सगळं कळतं. 'अपेक्षित' या ज्या शब्दाची मी वर्गात टिंगल करते, तोच शब्द 'दरसालच्यातला' म्हणून मी माझ्या आईला तिच्या नवऱ्याबद्दल ऐकवला होता, आणि तोही तिच्यावर दया करून. माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण ती वाट बघत होती. तिला माझं रडणं नको होतं, उत्तर हवं होतं.

"जास्तीचे होते बाबा," मी म्हटलं. "त्या साली जायचे नव्हते ते."

"पक्कं?"

आमच्या शास्त्रात पक्कं असं काही नसतं. आयुष्यभर मी पोरांना हेच शिकवत आले आहे.

"पक्कं, माय."

तिनं पदरानं तोंड झाकलं आणि मग ती रडली. मी तिच्या जवळ सरकले आणि पाठीवरून हात फिरवत बसून राहिले. बाबा गेल्यावर तिच्याकडे कुणी बसायला आलं नव्हतं.